कडब्यावरचे पाहुणे

वेणूबाई पुण्याला आल्या त्या नातवासाठी. मुलगा साई चाकणच्या कारखान्यात, सून पूर्णिमा खराडीच्या कंपनीत, आणि दोन वर्षांचा सोनू सांभाळायला घरात माणूस नाही. म्हणून वाशीम जिल्ह्यातलं शेत, दोन बैल आणि स्वयंपाक न येणारे यजमान कोंडीराम, असं सगळं मागे ठेवून त्या श्रावणात विश्रांतवाडीच्या चौथ्या मजल्यावर येऊन राहिल्या.

चार महिन्यांत त्यांचं बोलणं निम्म्यावर आलं. कारण सांगण्यासारखंच होतं. खाली भाजीवाल्याला त्यांनी "काहून एवढी महाग लावली बाप्पा?" असं विचारलं की आजूबाजूच्या बायका हसायच्या. दुसऱ्या मजल्यावरची चैताली तर एकदा म्हणाली, "किती गोड बोलता हो तुम्ही, अगदी मालिकेतल्यासारखं." हे कौतुक होतं की टोमणा, ते वेणूबाईंना दोन दिवस विचार करूनही कळलं नाही. मग त्यांनी ठरवलं की या गावात बोलायचं ते सोनूशी आणि तुळशीशी. दोघंही हसत नाहीत. सोनू हसायचा, पण त्याचं हसणं निराळं.

डिसेंबरात साई म्हणाला, "आई, रविवारी तुला हुरड्याला नेतो." वेणूबाईंचा चेहरा खुलला. इथं कोणाचं शेत आहे, आपले कोण सोयरे निघाले, असं त्या विचारायला लागल्या. साईनं फोनवर तिकीट दाखवलं. हुरड्याचं तिकीट. माणशी अमुक, लहान मुलाला अर्धं, फेटा बांधून हवा असेल तर वेगळं.

वेणूबाईंना ते पटेचना. त्यांच्याकडे हुरडा कोणी विकत नाही. ज्वारी दाण्यात आली की बांधावर गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं भाजायची, आणि वाटेनं जो दिसेल त्याला हाक मारायची. हाक मारूनही जो थांबला नाही, त्याच्याशी पुढे वर्षभर अबोला. पाहुण्याला शेतात बोलावून त्याच्या हातात कणीस ठेवायचं आणि मग पैसे मागायचे, असं त्यांच्या गावात कोणी केलं असतं तर त्याच्या घरी नंतर कोणी मुलगी दिली नसती. साई म्हणाला, पुण्यात असंच असतं. आंब्याचा महोत्सव, मिसळीचा महोत्सव, थंडीत हुरड्याचा. सगळ्याला तिकीट. वेणूबाई गेल्या, पण तोंड फुगवूनच गेल्या.

महोत्सव आळंदी रस्त्याच्या बाजूला, महापालिकेत गेलेल्या एका गावात होता. गाव म्हणायचं ते कमानीपुरतं. बाकी इमारती. त्या इमारतींच्या मधोमध चार एकरांचा मळा उरला होता, संपतरावांचा. बाकीच्या जमिनीवर संपतरावांनी केव्हाच इमारती उभ्या केल्या होत्या आणि आता या चार एकरांत ते शहरातल्या लोकांना खेडं दाखवत होते. दारात बैलगाडी होती, बैल नव्हते. लोक जुवाशी उभे राहून फोटो काढत. विहिरीवर मोट लावली होती, ती चालत नव्हती. ज्वारीसुद्धा मळ्यातली नव्हती, पहाटे टेम्पोनं यायची.

हे सगळं वेणूबाईंनी हसून सोडलं असतं. पण बसायची सोय पाहिली आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. मांडवात सगळीकडे कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. दहा-दहा पेंढ्या सुंभानं बांधून, वर गोधडी टाकून त्यांची बाकं केली होती, आणि त्यावर दोनशे माणसं पाय हलवत बसली होती. कडब्यावर. त्यांच्या गावी एका वर्षी मार्चातच चारा संपला होता, तेव्हा कोंडीराम रात्री उठून बैलांच्या दावणीत हात घालून बघायचे की काही उरलंय का. तो कडबा इथं गोधडीखाली, माणसांच्या बुडाखाली. सबंध मळ्यात तो खाणारं एक जनावर नव्हतं.

रागाच्या भरात त्या आगटीकडे गेल्या. तिथं दोन माणसं कणसं जाळत होती. भाजत नव्हती, जाळत होती. वेणूबाईंनी एकाच्या हातातलं कणीस काढून घेतलं, निखाऱ्यात नीट पुरलं, फिरवलं, काढलं, आणि गरम गरमच तळहातावर चोळून दाणे पुढे केले. हिरवेगार, वाफाळते, एकही करपलेला नाही. शेजारी पांढऱ्या शुभ्र कपड्यातला जो माणूस उभा होता त्यानं चार दाणे तोंडात टाकले आणि विचारलं, "मावशी, कोणत्या गावच्या?" ते संपतराव होते.

तिथून वेणूबाई दर रविवारी आगटीवर जायला लागल्या. घरी साई-पूर्णिमा असायचे, सोनूची काळजी नव्हती. सकाळी मळ्याची रिक्षा येई, संध्याकाळी सोडून जाई. तिकिटाचा हुरडा भाजायचा म्हणून आधी मन खायचं, पण खरं सांगायचं तर त्यांना त्या कामानं जिवात जीव आला. तिथं धूर होता, निखारे होते, हात पोळत होते, आणि बोलायला माणूस होतं. ते माणूस म्हणजे शकू.

शकू संपतरावांची धाकटी भावजय. नवरा बारा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून संपतरावांच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहायची. महोत्सवात भाकऱ्या थापायची, भांडी बघायची, आणि पाहुण्यांनी सांडलेलं उचलायची. घरचीच असल्यामुळे तिला कोणी "काम करते" म्हणत नसे, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त काम तिच्याकडेच असे. ती वेणूबाईंच्या बोलण्याला हसायची नाही. तिचं स्वतःचं बोलणंही शहराला चालण्यासारखं नव्हतं. "आक्का, तुमी बोला वो, मला ग्वाड लागतंय," असं ती म्हणाली तेव्हा ते कौतुकच होतं, त्यात शंकेला जागा नव्हती.

तिसऱ्या रविवारी वेणूबाईंना बाकांच्या मागे कात सापडली.

हातभर लांब, कागदासारखी, आणि तिच्यावर ओळीनं लांबट ठिपके अजून दिसत होते. त्यांनी ती उचलली नाही. आधी बाकाखाली वाकून पाहिलं. जमिनीत उंदरांची बिळं होती, एक-दोन नव्हे, दिसतील तितकी. हे व्हायचंच होतं. कडबा दिवाळीपासून जागचा हलला नव्हता. पाहुणे कणसं चोळताना निम्मे दाणे खाली सांडत, दाण्यांवर उंदीर येत, आणि उंदरांमागे कोण येतं ते शेतात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. वेणूबाईंच्या गावी रचून ठेवलेल्या कडब्याला कोणी थेट हात घालत नाही. आधी काठीनं ठोकायचं, मग पेंढी पायानं सरकवायची, मग उचलायची. लहान पोरालासुद्धा चालायला लागलं की हे शिकवतात.

त्या कात घेऊन संपतरावांकडे गेल्या. संपतराव काही वाईट बोलले नाहीत. शेत म्हटल्यावर साप आलाच, असं म्हणून त्यांनी हात झटकले आणि पुढचं मुलावर सोपवलं. मुलगा विश्वजीत. महोत्सवाची सगळी आखणी त्याचीच. त्यानं वेणूबाईंना समजावून सांगितलं की कडब्याची बाकं म्हणजे आपल्या महोत्सवाची ओळख आहे, लोक रील काढतात ते त्याच्यावरच बसून, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या तर मग मंगल कार्यालयात आणि आपल्यात फरक काय. वेणूबाई म्हणाल्या, खुर्च्या नको तर सतरंज्या टाका. निदान दर शनिवारी कडबा उचलून जागा झाडा. तो म्हणाला, एवढी माणसं कुठून आणू, आणि फिनेल मारतोय ना आपण रोज. फिनेल. सापाला फिनेल. वेणूबाईंना वाटलं, या पोराच्या आजानं हे ऐकलं असतं तर त्याला बांधावर उभं केलं असतं.

"जाऊ द्या आक्का," शकू म्हणाली. "त्यास्नी सांगून काय हुनार न्हाय."

मग वेणूबाईंनी आपल्यापुरता उपाय काढला. सकाळी पाहुणे यायच्या आत त्या एक काठी घेऊन प्रत्येक बाक चारी बाजूंनी ठोकून काढायच्या. मांडवातली पोरं गंमत बघत. विश्वजीतनं त्याचाही व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं की आमच्या मावशी धरणीमातेला जागं करतात. त्याला बऱ्याच लोकांनी हात जोडल्याची चिन्हं पाठवली.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी सोनूला ताप होता. वेणूबाई निघाल्या उशिरा, पोहोचल्या तेव्हा मांडव भरलेला होता. बसलेल्या माणसांखालचं बाक कसं ठोकणार? त्यांनी काठी आगटीशेजारी ठेवली आणि कामाला लागल्या. पुढे किती तरी दिवस ती ठेवलेली काठी त्यांच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

दुपारी एकच्या सुमाराला एका मुलाच्या हातून चटणीचा द्रोण बाकामागे पडला. त्याच्या आईनं शकूला बोट दाखवून सांगितलं. शकू बाकाला वळसा घालून मागे गेली, वाकली, आणि एक पाय मागे घेतला. त्याच वेळी कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जसा आवाज सुटतो तसा आवाज वेणूबाईंनी आगटीवरून ऐकला. त्या उठेपर्यंत शकू खाली बसली होती. घोट्याच्या वर दोन बारीक खुणा, आणि त्यातून येणारं रक्त थांबत नव्हतं.

साप पळाला नव्हता. वेटोळं घालून तिथंच होता, जाड, मातकट, पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठिपके. पाच-सहा पाहुणे फोन घेऊन पुढे आले. विश्वजीत धावत आला, पाहिलं, आणि हसला. "अजगराचं पिल्लू आहे," तो पाहुण्यांना म्हणाला. "बिनविषारी असतं. घाबरायचं काही कारण नाही." त्यानं ते काठीनं गोणीत सरकवलं. एका मुलीनं गोणीसोबत फोटोही काढून घेतला. त्या पोरीचं नशीब चांगलं म्हणायचं.

पुण्याच्या कडेला राहणाऱ्या माणसानं घोणस ओळखू नये, याला काय म्हणावं? जमीन विकली, ठीक. बैल विकले, तेही ठीक. पण ज्या मातीवर सात पिढ्या चालल्या, त्या मातीत काय असतं तेसुद्धा विसरायचं, आणि वर तिकीट लावून लोकांना शिकवायचं? वेणूबाई सांगत होत्या. त्यांच्या गावी याला परड म्हणतात, त्यांनी ती आयुष्यात पंचवीस वेळा पाहिली आहे, तिच्या चाव्यानं रक्त पातळ होतं आणि माणूस बघता बघता हातचं जातं. पण त्या त्यांच्या बोलीत सांगत होत्या, घाईघाईनं, आणि आजूबाजूचे दोन-तीन चेहरे त्या बोलीला हसतच होते.

संपतरावांनी शकूला उचलून मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. जखमेत हळद भरली, पाणी दिलं. आणि खाटेवर निजवून सांगितलं की ही पंगत उठू दे, गाड्या निघाल्या की तुला दवाखान्यात नेतो. गाड्या एकामागे एक लागल्या होत्या, संपतरावांची जीप सगळ्यात आत होती. ती काढायची तर मांडवात जाऊन चाळीस गाडीवाल्यांना उठवायला हवं होतं, आणि का उठायचं ते सांगायला हवं होतं. रुग्णवाहिकेला फोन केला होता, ती कुठं तरी पुलाच्या कामात अडकली होती.

"थे परड हाय, मालक," वेणूबाई म्हणाल्या. "अजगर नाई. तिले आत्ता न्या."

"मावशी, हळू. बाहेर पाव्हणे हायेत."

ते हळू ऐकून वेणूबाईंना त्यांची जाऊ आठवली. तिलाही परडच चावली होती. तिला मारुतीच्या देवळात बसवून ठेवलं होतं, विष उतरवणारा भगत येईपर्यंत. तेव्हा वेणूबाई नव्या सून होत्या, सासऱ्यांपुढे बोलण्याची सोय नव्हती, त्या ओट्याखाली उभ्या राहून बघत होत्या. संध्याकाळपर्यंत हिरड्यांतून रक्त आलं. आता इथं देऊळ नव्हतं आणि भगत नव्हता. इथं पंगत होती. शकूचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि ती ओठ आवळून पत्र्याकडे बघत होती.

वेणूबाई बाहेर आल्या आणि मांडवाच्या मधोमध उभ्या राहिल्या. पाच महिने त्यांनी या शहरात आवाज चढवला नव्हता. तो सगळा शिल्लक होता.

"कोनाची गाडी बाहेरच्या अंगाले हाय?"

पुढच्या बाकावरचे एक टोपीवाले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बाई, पार्किंगची चौकशी गेटवर करावी." दोघं-तिघं हसले.

"माणूस मरून राह्यलं तिकडं," वेणूबाई म्हणाल्या, "आन तुमी चटणी चाटून राह्यले. ज्या बाईनं तुमाले भाकर वाढली तिले साप चावला हाय. बिनविषारी नाई, मारणारा. गाडी कोनाची हाय ते सांगा, नाई तं मी या आगटीत पानी वततो आन आजचा हुरडा बंद करतो."

मागच्या बाजूला एक मुलगी उठली. आम्रपाली तिचं नाव, ते नंतर कळलं. कुठल्याशा कॉलेजात शिकवायची. तिनं किल्ली वर केली. गाडी बाहेर रस्त्यावरच होती, कारण ती उशिरा आली होती आणि आत जागा मिळाली नव्हती. वेणूबाईंनी शकूच्या पायाला फडकं सैल गुंडाळून दोन फळ्या लावल्या, हळद पुसून काढली, आणि तिला चालू न देता उचलून गाडीत घातलं. संपतराव दारात आडवे आले नाहीत, हे खरं. पण मदतीलाही आले नाहीत. विश्वजीत मोटारसायकलवर मागे निघाला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या नळीत शकूचं रक्त घेतलं आणि नळी तशीच उभी ठेवली. वीस मिनिटांत रक्त गोठलं तर चिंता नाही, म्हणाले. वेणूबाई त्या नळीकडे बघत बसल्या. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी ती आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. लगेच लस सुरू झाली. अजून तासभर गेला असता तर मला काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. तासाभरानं पंगत उठणार होती.

मग डॉक्टर कागद घेऊन आले. नाव, वय, कधी चावला, कुठं चावला. शकू शुद्धीवर होती. दारात विश्वजीत उभा होता. शकूनं आधी त्याच्याकडे पाहिलं.

"घरी," ती म्हणाली. "सरपान काढताना."

वेणूबाईंना वाटलं, विषानं बरळते आहे. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, घरी नाही, महोत्सवात, कडब्याच्या बाकामागे, मी होते तिथं. डॉक्टर थकलेले होते. त्यांनी शकूला पुन्हा विचारलं. शकू पुन्हा "घरी" म्हणाली. डॉक्टरांनी घरी लिहिलं. पेशंट सांगेल ते मी लिहितो, म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे गेले. विश्वजीत दारातून नाहीसा झाला होता. त्याचं काम झालं होतं.

वेणूबाई संतापल्या. ज्यांनी हिला पत्र्याखाली मरायला ठेवलं त्यांच्यासाठी ही खोटं बोलते? मग त्यांनी ते विचारलंच. शकू छताकडे बघत बोलली.

"आक्का, तुमी आज हितं हाय, उद्या गावाला जाशीला. मला कुटं जायचंय? त्या दोन खोल्या त्येंच्याच हायेत. दादांच्या मळ्यात साप चावला म्हनून म्या लिवून दिलं तर माजं सामान रस्त्यावर."

वेणूबाईंना राग होता, आणि तो कोणावर काढावा हे आता कळत नव्हतं. शकूवर काढण्यासारखा नव्हता, संपतरावांपर्यंत पोहोचत नव्हता. घरी आल्यावर तो साईवर निघाला, कारण साई म्हणाला की आई, आपण बाहेरची माणसं, या गावातल्या लोकांच्या भानगडीत कशाला पडायचं. वेणूबाई त्याला म्हणाल्या की तुझ्या या पुण्यात साप बरा, तो निदान आधी फुत्कार टाकतो. पूर्णिमानं त्या दिवशी जेवताना सासूच्या ताटात आधी वाढलं.

महोत्सव पुढच्या रविवारी झाला. त्याच्या पुढच्याही. वेणूबाई गेल्या नाहीत. रिक्षा खाली येऊन हॉर्न वाजवून गेली. त्या दवाखान्यात जात राहिल्या. शकूचा पाय काळानिळा पडला, फोड आले, कातडी सुटली, पण पाय वाचला. तीन आठवड्यांनी चैतालीनं सहज सांगितलं की काल आम्ही त्या महोत्सवाला गेलो होतो, शेवटचे दिवस आहेत, आणि तुमच्या त्या शकूबाई भाकऱ्या करत होत्या, पाय स्टुलावर ठेवून.

वेणूबाईंनी रिक्षाची वाट पाहिली नाही. शेवटच्या रविवारी बसनं गेल्या. घरी ओरडूनच गेल्या की जाऊन त्या बाईला उचलून आणते.

कमानीवर नवा फ्लेक्स होता. त्यावर बैलगाडी, चूल, फेटेवाली मंडळी, आणि कोपऱ्यात गोणीतून डोकं काढणारा तोच साप. खाली लिहिलं होतं: जिवंत निसर्ग, अस्सल अनुभव. आत मांडव भरलेला. कडब्याची बाकं जिथल्या तिथं. फक्त प्रत्येक बाकाला एक पाटी अडकवली होती: "आपल्या जबाबदारीवर बसावे." लोक ती वाचून हसत होते आणि बसत होते. पाटीसोबत फोटो काढत होते.

शकू चुलीपुढे होती. उजवा पाय स्टुलावर, त्याला लांब बँडेज. वेणूबाईंना पाहून तिनं फक्त परातीतलं पीठ बाजूला सारून जागा केली. वेणूबाई खाली बसल्या. चल म्हणायला तोंड उघडणार तोच विश्वजीतनं माइक हातात घेतला. मंडळींचं स्वागत केलं. मग म्हणाला की आमच्याकडे नेचर किती जवळून अनुभवता येतं बघा, याच हंगामात आपल्या पाहुण्यांना इथं अजगराचं पिल्लू बघायला मिळालं, कुणाला काही इजा झाली नाही, उलट लहान मुलं खूश झाली, आणि आजही नशीब असेल तर तुम्हाला दर्शन होईल. मांडवात टाळ्या पडल्या.

शकूनं तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत थांबली, काढली, टोपलीत ठेवली. मग वेणूबाईंच्या खांद्यावर हात टेकून उठली.

ती लंगडत मांडवाच्या मधे गेली. माइक वगैरे तिनं मागितला नाही. लुगडं पोटरीपर्यंत वर केलं आणि बँडेज सोडायला लागली. लांब बँडेज होतं, सुटायला वेळ लागला, तोवर सगळा मांडव बघत राहिला. आतला पाय काळा होता, घोट्याच्या वर तळहाताएवढी कातडी नव्हती.

"कुनाला इजा झाली न्हाय म्हनत्यात," ती म्हणाली. "ह्यो पाय माजा हाय. त्या बाकामागं चावला. घोनस व्हती. आनि म्या दवाखान्यात घरी चावला म्हनून लिवून दिलंय, त्ये खोटं हाय."

विश्वजीत माइक खाली ठेवून तिच्याकडे आला. संपतराव त्याच्या आधी पोहोचले. त्यांनी आवाज चढवला नाही. लोकांकडे बघून हसले, आणि घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "शकू, पाय दुखंल. बस खाली. सगळं साफ केलंय, फिनेल मारलंय, कडब्यात काय न्हाय आता."

वेणूबाई चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांच्या जिभेवर वऱ्हाडातलं होतं नव्हतं ते सगळं आलं होतं. पण बोलायची पाळी त्यांची नव्हती, हे त्यांना कळत होतं.

"बसते की दादा," शकू म्हणाली. "आदी तुमी बसा."

तिनं जवळच्या रिकाम्या बाकाकडे हात केला. गोधडी नीट अंथरलेली होती. जवळच्या बाकावरची एक बाई मुलाला कडेवर घेऊन उठली. मग तिच्या शेजारचे उठले, मग मागचे. संपतरावांनी कडब्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि ते उभेच राहिले.